चूर्ण घेत असताना केलेली एचआयव्ही टेस्ट खरी मानायची का?

"रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, पण तेव्हा माझं चूर्ण चालू होतं. मग तो खरा मानायचा का?" तिशीतल्या तरुणाचं खुर्चीत बसल्याबसल्याचं हे पहिलं वाक्य. एचआयव्हीच्या समुपदेशनात हा प्रश्न सारखा येतो. कुणाचा काढा चालू असतो, कुणाच्या प्रतिकारशक्तीच्या कॅप्सूल. भीती एकच असते: औषधाने विषाणू दाबून धरला असेल आणि म्हणून तो टेस्टमध्ये सापडला नसेल.

झालं होतं असं. संबंधाच्या वेळी कंडोम फाटला. दुसऱ्या दिवशी त्याने रक्तशुद्धीचं चूर्ण सुरू केलं, रोज दोन चमचे, आणि ते अजूनही चालूच होतं. नवव्या दिवशी घरीच किटवर टेस्ट केली, निगेटिव्ह. 47व्या दिवशी प्रयोगशाळेत शिरेतून रक्त दिलं, चौथ्या पिढीची टेस्ट झाली, तीही निगेटिव्ह.

आधी कोऱ्या कागदावर तारखा लिहून काढल्या. नवव्या दिवसाची टेस्ट त्या प्रसंगाबद्दल काहीच सांगत नाही, मग चूर्ण घेतलेलं असो वा नसो. संसर्ग झाला तरी तो टेस्टमध्ये दिसायला वेळ लागतो, हाच विंडो पिरियड. फक्त अँटिबॉडी शोधणाऱ्या टेस्टला 23 ते 90 दिवस लागतात. चौथ्या पिढीची टेस्ट अँटिबॉडीसोबत विषाणूचं पी-24 हे प्रथिनही शोधते, त्यामुळे शिरेतल्या रक्तावर प्रयोगशाळेत केली तर ती 18 ते 45 दिवसांत संसर्ग पकडते. बोटाच्या थेंबावरच्या तशाच झटपट टेस्टला मात्र 90 दिवसांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणजे त्याचा खरा रिपोर्ट 47व्या दिवसाचा.

किटची पट्टी त्याने दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पाहिली होती. तेव्हा तिथे पुसटशी रेघ दिसली आणि संशयाचा किडा तिथूनच शिरला. किटच्या कागदावर वाचायची वेळ दिलेली असते. ती उलटून गेल्यावर पट्टी वाळते आणि नसलेली रेघ उमटू शकते. तो निकाल धरायचाच नाही.

आता चूर्ण. टेस्ट चूर्ण शोधत नाही, विषाणूचं प्रथिन आणि त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधते. रिपोर्ट खोटा निगेटिव्ह यायचा तर चूर्णाने विषाणूची वाढ रोखायला हवी किंवा अँटिबॉडी बनणंच थांबवायला हवं. कोणतंही चूर्ण किंवा काढा हे करतो असं सिद्ध झालेलं नाही. अँटिबॉडी बनणं खऱ्या अर्थाने लांबवू शकतात ती वेगळी औषधं: एचआयव्हीविरोधी गोळ्या, कॅन्सरची केमोथेरपी, अवयव प्रत्यारोपणानंतरची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं. यांतलं काही चालू असेल तर ते टेस्टआधी सांगायलाच हवं.

म्हणूनच "घेता ते सगळं घेऊन या" असं सांगावं लागतं. त्याच्या पिशवीतून चूर्णाच्या डबीबरोबर केसांच्या गोळ्यांची बाटलीही निघाली, प्रत्येक गोळीत 10 मिलिग्रॅम बायोटिन, म्हणजे एक बी-जीवनसत्त्व. याबद्दल त्याने चकार शब्द काढला नव्हता, आणि विचारण्यासारखी गोष्ट हीच होती. मशीनवरच्या काही टेस्टच्या रसायनातच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात त्याचं प्रमाण फार असेल तर आकडा खोटा कमी येऊ शकतो. प्रयोगशाळेला फोन करून विचारलं. त्यांची पद्धत बायोटिनवर चालणारी नव्हती, रिपोर्ट पक्का ठरला. तशी असती तर लॅब सांगेल तितके दिवस गोळ्या बंद ठेवून पुन्हा रक्त द्यावं लागलं असतं.

चूर्णाने रिपोर्ट बिघडला नाही, पण हातातले पहिले तीन दिवस त्या चूर्णापायी वाया गेले, आणि जीव कळवळतो तो इथे. कंडोम फाटला तेव्हाच डॉक्टरकडे गेला असता तर पेप, म्हणजे संसर्ग टाळणाऱ्या गोळ्या, सुरू करता आल्या असत्या. त्या जितक्या लवकर तितक्या बऱ्या, 72 तासांच्या आत, आणि पुढे पूर्ण 28 दिवस. चूर्ण चालू आहे म्हणून तो निर्धास्त राहिला आणि ते तास निघून गेले. पेप घेतली असती तर हिशेबही बदलला असता: त्या गोळ्या चालू असताना टेस्टवर शेवटचा भरवसा ठेवता येत नाही, प्रसंगापासून साधारण 12 आठवड्यांनी पुन्हा तपासावं लागतं.

"मग चूर्ण सोडू का?" टेस्टसाठी सोडायची गरज नाही. मात्र एचआयव्हीच्या किंवा पेपच्या गोळ्या चालू असतील तर कोणतंही वनस्पतीजन्य औषध डॉक्टरला दाखवल्याशिवाय घेऊ नये. सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती तर काही एचआयव्हीविरोधी औषधांचं रक्तातलं प्रमाण इतकं खाली आणते की ती निकामी ठरतात.

एचआयव्हीची पुढची टेस्ट त्याला सांगितली नाही. कागदाच्या तळाशी एकच तारीख लिहून दिली, सिफिलिस या संबंधातूनच पसरणाऱ्या दुसऱ्या आजाराच्या टेस्टची, त्या प्रसंगापासून 12 आठवड्यांनंतरची.