वाचकांचे प्रश्न : पूल चढावा की रस्ता ओलांडावा?

प्रश्न : एका गजबजलेल्या पर्यटनस्थळाच्या प्रवेशद्वारासमोरून चार मार्गिकांचा रस्ता जातो आणि वाहनतळ रस्त्याच्या पलीकडे आहे. सुट्टीच्या दिवशी माणसे वाट फुटेल तिथून रस्ता ओलांडतात. तेथे पादचारी पूल बांधावा, असे बहुतेकांचे मत आहे. सिग्नल आणि झेब्रा क्रॉसिंग पुरेसे आहे, असे मोजके लोक म्हणतात. पुलावर गाडीची धडक बसण्याची शक्यताच नसते, मग या वादाला दुसरी बाजू असू तरी कशी शकते?

उत्तर : पुलावर गाडीची धडक बसत नाही हे खरे, पण ते पुलावर चढलेल्या माणसापुरतेच खरे आहे. जो चढलाच नाही, त्याच्यासाठी पूल झाल्यानंतरचा रस्ता पूर्वीपेक्षा अधिक धोक्याचा होऊ शकतो, कारण ‘आता पूल आहे, खाली कोणी येणार नाही’ असे गृहीत धरून वाहने तेथून वेगाने जाऊ लागतात. म्हणून पूल किती सुरक्षित आहे, याच्या आधी तो किती जण चढतील, हे विचारायला हवे.

उंच बस आणि मालवाहू गाड्या खालून जायच्या, तर पुलाचा पृष्ठभाग रस्त्यापासून साधारण सहा मीटर उंच न्यावा लागतो. पंधरा सेंटिमीटरची एक पायरी धरली, तर चढायला चाळीस आणि उतरायला चाळीस पायऱ्या होतात. धडधाकट माणसालाही या चढउतारासह पूल पार करायला एक मिनिटाहून अधिक वेळ लागतो. उलट, सेकंदाला १.२ मीटर या नेहमीच्या चालीने चौदा मीटरचा रस्ता बारा सेकंदांत ओलांडून होतो. सिग्नलसाठी थांबावे लागले तर हा फरक बराच कमी होतो, हे मान्य. पण गाड्यांच्या रांगेत जरा फट दिसली की माणसाच्या मनात बारा सेकंद आणि सव्वा मिनिट एवढीच तुलना उरते. १९६५ साली ब्रिटनमध्ये मूर आणि ओल्डर या अभ्यासकांनी नेमका हाच प्रश्न तपासला होता. पुलावरून जायला आणि खालून जायला सारखाच वेळ लागत असेल, तर सुमारे ९५ टक्के लोक पूल वापरतात. पुलावरून दीडपट वेळ लागत असेल, तर जवळजवळ कोणीच वापरत नाही, असे त्यांना आढळले. याला लोकांची बेशिस्त म्हणण्याची पद्धत आहे. मला तो सरळ हिशेब वाटतो.

चाकाची खुर्ची, बाबागाडी, गुडघेदुखी आणि चाके लावलेल्या बॅगा यांचा हिशेब वेगळाच आहे. एकास बारा या मान्य उताराने सहा मीटर चढायचे, तर बहात्तर मीटर लांबीचा रॅम्प लागतो. मध्येमध्ये विसाव्याच्या सपाट जागा धरल्या, की तो ऐंशी मीटरच्या पुढे जातो आणि तेवढाच दुसऱ्या बाजूला. चौदा मीटरच्या रस्त्यासाठी दीडशे मीटरहून अधिक चाल! लिफ्ट हा उपाय आहे. मात्र ती बंद पडली, की त्या दिवशी काही जणांसाठी पूलच अस्तित्वात नसतो.

आता पर्यटनस्थळाचा खास मुद्दा, जो कार्यालयांच्या परिसरात उद्भवत नाही. कामाला निघालेला माणूस पुलावर थांबत नाही. फिरायला आलेला हमखास थांबतो. उंचावरून दृश्य चांगले दिसते, छायाचित्र चांगले येते आणि मागून येणारी गर्दी अडते. अमेरिकेतील लास वेगासच्या प्रसिद्ध रस्त्यावर काही मोठ्या चौकांत खालून ओलांडणे बंद करून सरकते जिने आणि लिफ्ट असलेले पूल बांधले आहेत. त्या पुलांवर थांबण्यास मनाई करणारा नियम तेथील क्लार्क परगण्याला जानेवारी २०२४ मध्ये करावा लागला. पाहायला आलेल्या माणसाने पाहण्यासाठी थांबू नये, असा कायदा करण्याची वेळ येणे हेच पुरेसे बोलके आहे. याहून गंभीर उदाहरण जपानमधील आकाशी येथले आहे. २१ जुलै २००१ रोजी आतषबाजीच्या उत्सवात रेल्वे स्थानक आणि समुद्रकिनारा यांना जोडणाऱ्या पादचारी पुलावर दोन्ही दिशांची गर्दी अडकली आणि चेंगराचेंगरीत अकरा जणांचा जीव गेला. त्यांत नऊ मुले होती. बंदिस्त पुलावर बाजूला सरकायला जागा नसते, तर जमिनीवरच्या गर्दीला निदान पसरायला जागा मिळते.

पुलावरून अधिक माणसे जातात, ही समजूतही तपासून पाहावी. ब्रिटनमधील क्रीडांगणांच्या सुरक्षा मार्गदर्शिकेत सपाट वाटेच्या प्रत्येक मीटर रुंदीतून मिनिटाला जास्तीत जास्त ८२ आणि जिन्यावरून ६६ माणसे धरतात. पूल कितीही रुंद असला, तरी त्याचा जिना दोन मीटरचा असेल, तर मिनिटाला १३२ माणसांपलीकडे तो काही नेणार नाही. सहा मीटर रुंद झेब्रा क्रॉसिंगला दर दोन मिनिटांत तीस सेकंद हिरवा दिवा दिला, तर मिनिटाला सरासरी १२३ माणसे जातात. हा कागदावरचा हिशेब आहे, प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमी भरतील. पण क्रॉसिंग दहा मीटर रुंद करायला मुख्यतः रंग लागतो, जिना रुंद करायला बांधकाम पाडावे लागते.

म्हणून आपण वर्णन केलेल्या ठिकाणी मी जमिनीवरून ओलांडण्याच्या बाजूने कौल देईन. मात्र नुसते पट्टे रंगवून भागेल, असे मुळीच नाही. चार मार्गिकांच्या रस्त्यावर एक गाडी सौजन्याने थांबते, तिच्या आडून दुसऱ्या मार्गिकेतली गाडी येते आणि ओलांडणारा माणूस व चालक यांना एकमेक दिसतच नाहीत. त्यासाठी थांबरेषा क्रॉसिंगपासून काही मीटर मागे हवी, दुभाजकात गर्दी मावेल एवढी थांबायची जागा हवी आणि शक्य असेल तेथे क्रॉसिंगच पदपथाच्या उंचीला आणावे, म्हणजे त्याच उंचवट्यामुळे वाहनेही मंदावतात. वेगाचे महत्त्व किती, तर जागतिक आरोग्य संघटनेनुसार मोटारीच्या पुढच्या भागाची धडक बसलेल्या पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका ताशी ५० किलोमीटरवरून ६५ वर जाताना साडेचार पटींनी वाढतो. प्रवेशद्वाराशी उभ्या राहणाऱ्या पर्यटक बस क्रॉसिंगच्या अलीकडे थांबता कामा नयेत. मोठी बस म्हणजे दृष्टीच्या आड येणारी भिंत. सिग्नलची वेळ ठरवताना म्हातारी माणसे आणि लहान मुले डोळ्यांसमोर ठेवावीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय नियमावलीत २००९ मध्ये चालण्याचा गृहीत वेग सेकंदाला चार फुटांवरून साडेतीन फुटांवर आणला गेला, तो याच कारणाने. शिवाय वळणाऱ्या वाहनांना हिरवा दिवा मिळण्याआधी पादचाऱ्यांना तीन ते सात सेकंदांची आघाडी दिली, तर चालकाला माणसे रस्त्यात आधीच दिसतात.

पूल कोठे योग्य ठरतो? जेथे वाहतूक थांबवताच येत नाही, म्हणजे द्रुतगती मार्ग किंवा रेल्वेमार्ग, तेथे तो हवाच. जमिनीला मुळातच उतार असून माणूस आधीच उंचावर असेल, तेथेही तो सोयीचा होतो. हाँगकाँगच्या मध्यवर्ती भागातील उन्नत वाटा भरपूर वापरल्या जातात, कारण त्या इमारतींचे वरचे मजले एकमेकांना जोडतात आणि दर रस्त्याला चढउतार करावा लागत नाही. आपल्या वाहनतळाचा वरचा मजला आणि पर्यटनस्थळाचे प्रवेशद्वार एका पातळीवर असते, तर माझे उत्तर बदलले असते.

प्रश्न : पूल आधीच बांधलेला असेल, तर लोकांनी खालून जाऊ नये म्हणून दुभाजकावर उंच कठडा लावावा का?

उत्तर : तेवढ्यावर थांबू नये. कठड्याला कोठेतरी फट पडतेच आणि मग माणसे नेमक्या त्याच, कोणाला अपेक्षित नसलेल्या जागी रस्त्यात येतात. पूल राहू द्यावा, ज्यांना सोयीचा वाटेल ते वापरतील. पण त्याच्या जवळच सिग्नलसह क्रॉसिंग द्यावे. कठडा लावायचाच असेल, तर तो माणसांना त्या क्रॉसिंगकडे वळवणारा असावा.

प्रश्न : चौकातली सर्व वाहने एकदम थांबवून पादचाऱ्यांना तिरपेही जाऊ देण्याची पद्धत आपण सुचवाल का?

उत्तर : चारही दिशांनी माणसे येत असतील, तर जरूर. टोकियोतील शिबुयाचा चौक याच पद्धतीने चालतो आणि आता लोक तो चौक पाहायलाच जातात. लंडनमधील ऑक्सफर्ड सर्कसला २००९ मध्ये असेच तिरपे क्रॉसिंग आले. मात्र सर्वांची थांबण्याची पाळी लांबते, त्यामुळे एकाच बाजूने गर्दी येत असलेल्या आधीच्या वाचकाच्या प्रवेशद्वारासमोर ही पद्धत उपयोगाची नाही.