अबोला धरणे आणि सोडणे

एका वाचकाने विचारले आहे : “थोरल्या भावाशी घराच्या वाटणीवरून अबोला आहे. यंदा संक्रांतीला त्याला पत्र लिहायचे आहे. ‘अबोला सोडू या’ असे लिहावे की ‘अबोला मिटवू या’? आणि क्षमा मागावी की माफी?”

‘सोडू या’ असेच लिहावे. मराठीत भांडण मिटते, वितुष्ट दूर होते. अबोला मात्र धरला जातो आणि सोडला जातो. उपास, मौन आणि हट्ट यांनाही आपण हीच क्रियापदे लावतो, आणि या सर्वांत एक साम्य आहे : ती माणसाने स्वतःच्या इच्छेने पत्करलेली आणि रोज नव्याने पाळावी लागणारी अवस्था असते. ‘अचूक’, ‘अढळ’, ‘अजाण’ यांत जो नकारार्थी ‘अ’ आहे, तोच येथे ‘बोल’ या शब्दाला लागला आहे. परंतु ‘अबोल’ हे स्वभावाचे विशेषण आहे, तर ‘अबोला’ या नामात निश्चय आहे. अबोल माणूस कोणाशीच फारसे बोलत नाही. अबोला धरणारा एरवी साऱ्या गावाशी बोलत असतो. भांडण मिटवायला दोन्ही पक्ष आणि पुष्कळदा तिसरा मध्यस्थही लागतो, पण आपण धरलेला अबोला आपल्याला एकट्यालाही सोडता येतो. वाटणीचा प्रश्न अजून सुटलेला नसला, तरी हे वाक्य म्हणूनच आज खरेपणाने लिहिता येईल.

संक्रांतीचे वचनही याच बेताचे आहे. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ यात दोन आज्ञार्थी क्रियापदे आहेत. भूतकाळ नाही, ‘मी’ नाही आणि कोण चुकले याचा निवाडाही नाही. संवत्सरीला जैन मंडळी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतात, त्या प्राकृत वचनाची घडण याहून अगदी निराळी आहे. ‘माझे दुष्कृत मिथ्या होवो’ असा त्याचा अर्थ असल्यामुळे बोलणारा स्वतःच्या चुकीचा उच्चार करूनच पुढे जातो. मला दोन्ही वचने मोलाची वाटतात, पण आपल्या हातून खरोखर काही चुकले असेल, तर नुसता तिळगूळ पुढे करणे पुरेसे नाही, असे माझे मत आहे. (तिळाची निवड अर्थपूर्ण आहे : ‘तैल’ हा शब्द ‘तिल’ या शब्दापासूनच आला, आणि संस्कृतात ‘स्नेह’ म्हणजे तेलही आणि मायाही.)

आता क्षमा आणि माफी. ‘क्षमा’ संस्कृत ‘क्षम्’ या धातूपासून आली असून सहन करणे हा त्या धातूचा अर्थ आहे. पृथ्वीलाही ‘क्षमा’ म्हणतात. ‘माफी’ अरबी-फारसीतून आली आणि सारामाफी, कर्जमाफी, शिक्षेची माफी अशा व्यवहारांत रुळली, म्हणून तिच्यात देणे रद्द केल्याची छटा आहे. आज दोन्ही शब्द शुद्ध आणि प्रचलित आहेत. भावाला कोणताही चालेल. तरीही घरातल्या माणसाला ‘मी आपली क्षमा मागतो’ असे लिहिले, तर ते कार्यालयीन पत्रासारखे वाचले जाईल. घराघरांत जे म्हटले जाते, ते ‘माझं चुकलं’, आणि पत्रातही तेच लिहावे, असे मी सुचवीन. त्याच्यामागे ‘पण’ जोडू नये, कारण ‘पण’ आला की वाचणाऱ्याचे लक्ष त्याच्या पुढच्या भागावरच जाते.

एक गोष्ट विचारलेली नाही, तरी सांगणे आवश्यक वाटते. वचनातील ‘घ्या’ आणि ‘बोला’ ही आदरार्थी रूपे आहेत. थोरल्या भावाला तुम्ही ‘अहो’ म्हणत असाल, तर ती तशीच ठेवावीत. पण लहानपणापासून ‘दादा, तू’ म्हणत आला असाल, तर या पत्रात एकाएकी ‘घ्या’ लिहिल्याने मानापेक्षा परकेपणाच अधिक जाणवेल. अशा वेळी ‘दादा, माझं चुकलं. मी अबोला सोडला आहे. तिळगूळ घे आणि माझ्याशी बोल,’ एवढेच लिहावे.