पुंगळी डायमध्ये अडकते तेव्हा : वाचकांचे प्रश्न

गेल्या काही आठवड्यांतले बहुतेक प्रश्न एकाच जागी येऊन थांबतात, आणि पुंगळीही तिथेच थांबते: रिसायझिंग डायमध्ये. गोळी सुटताना काडतुसाची पितळी पुंगळी चेंबरच्या (बंदुकीत काडतूस बसतं त्या जागेच्या) भिंतीला टेकेपर्यंत फुगते आणि मग थोडीच आकसते. तिला दाबून पुन्हा मापात आणायचं, एवढंच या डायचं, म्हणजे साच्याचं, काम. काम साधं आहे, पण त्याभोवती ऐकीव सल्ल्यांचं रान माजलंय. म्हणून सगळे प्रश्न एकत्र घेतो. काडतुसं पुन्हा भरायला तुमच्याकडे कायद्याने परवानगी आहे का, कोणत्या परवान्यावर आहे, हे आधी संबंधित अधिकाऱ्यांना विचारा. ते मी सांगू शकत नाही.

प्रश्न : कार्बाइड (टंगस्टनचं अतिकठीण संयुग) डायला वंगण लागतच नाही ना?

सरळ भिंतीच्या पिस्तुल पुंगळीला लागत नाही, पण लावलं तर प्रेसचं हँडल ओढताना खांदा कमी दुखतो. पोलादी डायला मात्र प्रत्येक पुंगळीवर लागतं. .357 सिगसारख्या, बाटलीच्या आकाराच्या पुंगळीला डाय कार्बाइडची असली तरी लागतं.

प्रश्न : .45 एसीपीच्या पुंगळ्या लोण्यासारख्या जातात. 9 मिमीच्या मात्र शेवटच्या काही मिलिमीटरला अडतात, हँडलवर जोर द्यावा लागतो. डाय बदलू का?

बदलू नका. दोष डायचा नाही, पुंगळीच्या आकाराचा आहे. 9 मिमीची पुंगळी दिसते सरळ, पण ती निमुळती आहे. बुडाजवळच्या खोबणीच्या वर तिचा व्यास 9.93 मिमी, तोंडाशी 9.65. .45 एसीपीत हाच फरक एक दशांश मिलिमीटरसुद्धा भरत नाही. आता कार्बाइड डायमध्ये बहुधा एक आखूड कडं असतं, आणि त्याचं भोक ठेवलेलं असतं तोंडाकडच्या मापाचं. त्यामुळे पुंगळी जसजशी वर जाते तसतसं कडं तिला गरजेपेक्षा जास्त आवळतं, आणि बुडापाशी, जिथे पितळ सगळ्यात जाड, तिथे सगळ्यात जास्त. दाबून निघालेल्या 9 मिमीला मधेच किंचित कंबर आलेली दिसते ती याचमुळे.

दर पाच-सहा पुंगळ्यांमागे एकीला वंगणाचं बोट लावा. कड्यावर राहिलेला पातळ थर पुढच्यांना पुरतो. एवढं करूनही अंगाचा भार टाकावा लागत असेल तर थांबा आणि व्हर्निअरने बूड मोजा. फुगवटा दिसला तर खाली पिशवीबद्दलच्या प्रश्नाचं उत्तर वाचा.

प्रश्न : मी पुंगळ्या स्टीलच्या पिनांबरोबर पाण्यात तीन-तीन तास फिरवतो. अगदी आरशासारख्या निघतात, तरी पूर्वीपेक्षा जास्त अडकतात आणि कर्र आवाज येतो. आणखी घासू का? एका मित्राने पितळेची भांडी चमकवायचं द्रावण सुचवलंय.

नाही, नाही आणि नाही. हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत इतक्यांदा आलाय की आता जरा सविस्तर बोलतो.

लखलखीत म्हणजे निसरडं, ही समजूत कुठून आली कोण जाणे. पितळ म्हणजे साधारण 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. त्याच्यावर काजळी, ऑक्साइड, कोरड्या टम्बलरमधल्या (पुंगळ्या घोळवून साफ करणाऱ्या यंत्रातल्या) भुग्याची धूळ, पॉलिशमधलं मेण असा काहीतरी थर असतो, तोवर ते डायवरून सरकतं. पाणी, साबण, आम्ल आणि पिना मिळून तो थर पार खरवडून काढतात. मग उघडं पितळ डायच्या धातूला थेट भिडतं आणि दाबाखाली त्याला चिकटू लागतं. पोलादी डायच्या आत बोट फिरवलंत तर सोनेरी टिकल्या हाताला लागतील, ते तुमचंच पितळ. पुढच्या प्रत्येक पुंगळीवर त्या टिकल्या उभी रेघ ओढतात. म्हणजे तुम्ही तीन तास मेहनत घेऊन वंगण काढून टाकताय, आणि मग ते गेलं म्हणून तक्रार करताय!

पिनांचं टम्बलिंग वाईट नाही. प्राइमरचा (बुडात बसणाऱ्या, ठिणगी देणाऱ्या टोपीचा) खळगा त्याने फार छान साफ होतो. पण वेळ कमी करा. तासन्‌तास एकमेकींवर आपटून पुंगळ्यांच्या तोंडाची कड ठोकली जाते, तिच्यावर बारीक ओठ येतो. शेवटच्या धुण्यात मेण असलेला गाडी धुण्याचा शाम्पू थोडा टाका, किंवा वाळल्यावर अक्रोडाच्या सालीच्या भुग्यात थोडा वेळ फिरवा. नाहीतर लॅनोलिन आणि आयसोप्रोपाइल अल्कोहोलचं मिश्रण फवारा, पुंगळ्या हलवून घ्या आणि अल्कोहोल उडेपर्यंत थांबा. वंगण करतं ते मागे राहिलेलं लॅनोलिन. ओल्याच पुंगळ्या डायमध्ये घातल्या तर उपयोग नाही. दाबून झाल्यावर ते पुसून टाकायला विसरू नका. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरून राहत नाही, आणि मग मागचा सगळा धक्का बंदुकीच्या बोल्टवर किंवा स्लाइडवर, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर येतो.

आता मित्राच्या द्रावणाकडे येतो. बाटलीवर अमोनिया लिहिलंय का ते पाहा. लिहिलं असेल तर ते पुंगळीला लावू नका, आणि काहीच लिहिलं नसेल तरी लावू नका. ब्रिटिश फौजेने हा धडा हिंदुस्थानात घेतलाय. पावसाळ्यात मोहिमा थंडावत, तेव्हा काडतुसं तबेल्यांत ठेवली जात. कोरडा हंगाम आला की त्यांतल्या अनेकांना तडे गेलेले दिसत. ना कुणी ती झाडली होती, ना आपटली होती. तड्यांचं कारण 1921 साली उलगडलं: घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया, आणि पितळ थंडपणी ओढून-दाबून घडवताना त्यात राहिलेला ताण. दोन्ही एकत्र आले की पितळ कणाकणांच्या मधून चिरत जातं. इंग्रजीत त्याला ‘सीझन क्रॅकिंग’ म्हणतात, ते त्या पावसाळ्यावरूनच.

रिसायझिंग म्हणजे तरी दुसरं काय? तुम्ही दर वेळी पितळ थंडपणी दाबताय, ताण वाढवताय, आणि वर तबेला बाटलीत भरून लावताय. असा तडा वरून दिसेलच असं नाही. पुंगळी छान चमकत असते आणि चिरफळते ती चेंबरमध्ये. ‘नव्यासारखी चमक’ असं छापून द्रावणं विकणाऱ्यांना बंदूक तुमच्या हातात असते याची काय पडलीय? आधीच लावून बसला असाल तर ती पुंगळ्यांची अख्खी खेप बाजूला काढा आणि जाणत्या शस्त्र-कारागिराला दाखवल्याशिवाय भरू नका. मी असतो तर मोडीत दिली असती.

प्रश्न : पुंगळी डायमध्ये पूर्ण रुतली, ओढताना रिम (बुडाची कड) फाटली. गॅसच्या टॉर्चने डाय तापवली तर निघेल का?

तापवू नका. तापवल्यावर पितळ पोलादापेक्षा जास्त फुगतं, आणि कार्बाइडपेक्षा तर तिप्पट-चौपट. म्हणजे पुंगळी आणखी आवळते, आणि टॉर्चच्या ज्योतीने डायचं पाणी उतरतं ते वेगळंच. करायचं ते उलट. डाय पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा. 10 मिमी व्यासाला 40 अंशांच्या फरकाने पोलादी डायमध्ये जेमतेम 3 मायक्रॉनची मोकळीक मिळते, कार्बाइडमध्ये त्याच्या दुप्पट. ऐकायला हास्यास्पद वाटतं, पण बऱ्याचदा तेवढ्यावर सुटते.

त्याआधी एक पाहायचंच: पुंगळीत न फुटलेला प्राइमर आहे का? असेल, किंवा नुसती शंका असेल, तरी ठोकायचं नाही, ड्रिल लावायचं नाही, डाय थेट कारागिराकडे. तेल ओतलं की प्राइमर मरतो असं सांगणारे भेटतील. मेला याची खात्री काय, ते त्यांना विचारा.

खळगा रिकामा असेल तर वरची डीकॅपिंग दांडी (जुना प्राइमर पिनेने ढकलून काढणारी) आट्यांवरून फिरवून काढा. पुंगळीचं तोंड डायमध्ये वरच्या बाजूला आहे, म्हणजे वरून घातलेली पितळी किंवा कठीण लाकडाची दांडी थेट तिच्या आतल्या बुडावर टेकते. दांडी आत मावेल तितकी जाड घ्या, डाय खालून लाकडी ठोकळ्यांवर टेकवा आणि हलके ठोके द्या. नाही निघाली तर अडकलेली पुंगळी काढायचा संच मिळतो: प्राइमरच्या खळग्यातून भोक, त्यात आटे, आणि बोल्टने ओढायचं. कार्बाइड डायला ड्रिल चुकून लागलं तर डाय गेली. हात सराईत नसेल तर ती बनवणाऱ्याकडेच पाठवा, पुष्कळ जण हे काम करून देतात. आणि नवी पुंगळी दाबायच्या आधी शेल होल्डर (पुंगळीची रिम धरणारा तुकडा) त्याच काडतुसाचा होता का तेही बघा. रिम फाटण्यामागे कधी कधी चुकीचा होल्डर असतो.

प्रश्न : माझी पुंगळी वर जाताना नाही, खाली येताना अडकते.

सरळ पिस्तुल पुंगळी असेल तर ती रिसायझिंग डायमध्ये अडकत नाही. पुढच्या डायमध्ये तोंड रुंदावणारा खुंटा असतो, तो आतून धरतोय. खुंटा बारीक पॉलिश करा, तोंडाच्या आत थोडं ग्रॅफाइट लावा. तेल नको, काडतुसात भरायच्या दारूत उतरेल.

प्रश्न : डीकॅपिंग पिन सारखी तुटते.

पुंगळीत बॅटरीचा उजेड टाका. बुडाला मधोमध एक भोक दिसण्याऐवजी कडेला दोन बारकी दिसली तर ती बर्डन जातीची पुंगळी, पिनेला आत जायला मधे भोकच नाही. टाकून द्या.

प्रश्न : ‘एकदाच झाडलेल्या’ म्हणून 9 मिमी पुंगळ्यांची पिशवी घेतली. काही सहज जातात, काही दात आवळून. काय करू?

‘एकदाच झाडलेल्या’ हे ठरवलं कोणी? किती वेळा झाडली ते पितळेवर लिहिलेलं नसतं. अशा पिशवीत दहा कारखान्यांचं पितळ असतं, जाडी वेगळी, कठीणपणा वेगळा. अधूनमधून 9×17 ची आखूड पुंगळीही असते. 9 मिमीची लांबी 19.15 मिमीपर्यंत असते, ही आखूड 17 च्या आसपासच संपते. बुडावरच्या शिक्क्यांप्रमाणे वेगळ्या करा. आत उजेड टाकून पायरीसारखी कड दिसणाऱ्या काढून टाका, त्या बुडाशी तुटल्याचे प्रकार झालेत. बुडाला एका बाजूने पोट आलेलं असेल तर ती चेंबरचा आधार नसलेल्या जागी फुगलीय. डायने तिचा आकार परत येतो, ताकद येत नाही. दाबून सपाट झाली म्हणून ती भरू नका. आणि तुमच्याच पिस्तुलातून अशी पोटं निघत असतील तर भरणं थांबवा, पिस्तूल आणि उरलेली काडतुसं दोन्ही कारागिराला दाखवा.

प्रश्न : पाच-सहा महिन्यांपासून दर दाबाला ‘टक्’ असा आवाज येतो, आता पुंगळीवर एक रेघ उमटते. चालवून घेऊ का?

पाच-सहा महिने! कडं तडकलंय बहुधा. कार्बाइड कठीण असतं तितकंच ठिसूळही. शेल होल्डर त्याच्यावर आपटत असेल तर ते कधीतरी जातंच. माझं पहिलं कडं असंच गेलं. डाय खाली घट्ट बसवली की काम पक्कं, असं मला कोणीतरी सांगितलं होतं, आणि मी प्रत्येक दाबाला तो आवाज ‘बरोबर बसल्याचा’ समजत होतो. कडं आणि शेल होल्डर यांच्यात किती फट ठेवायची ते डायच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं. भिंग घेऊन कडं पाहा, चीर दिसली तर डाय बाजूला ठेवा आणि बनवणाऱ्याला कळवा. त्या रेघांच्या पुंगळ्या नखाने तपासा. नख अडकलं तर ती बाद.

प्रश्न : हे करताना हातमोजे घालायचे का?

घाला. जुन्या प्राइमरच्या काजळीत शिसं असतं. टम्बलरचं झाकण घरात उघडू नका, काम करताना काही खाऊ नका, उठल्यावर हात साबणाने धुवा. घरात लहान मूल असेल किंवा तुम्ही हे वर्षानुवर्षं करत असाल, तर रक्तातलं शिसं तपासायचं का ते डॉक्टरांना विचारा.