रोटरी फाईल (रूट कॅनलमध्ये मोटरवर फिरणारी बारीक सुई) नक्की किती वेळा वापरायची? पाकिटावर सिंगल यूज लिहिलंय, सर म्हणतात पाच-सहा केस आरामात निघतात

सरांसारखंच बऱ्याच क्लिनिकमध्ये चालतं, फाईल्स महाग पडतात आणि पेशंटला रूट कॅनलचं बिल आधीच जास्त वाटत असतं. पण केस मोजण्यात गडबड आहे. अप्पर सेंट्रल (वरचा मधला पुढचा दात) म्हणजे एक सरळ कॅनल, लोअर मोलर (खालची दाढ) म्हणजे तीन-चार, त्यात मेसिअलचे म्हणजे पुढच्या मुळातले दोन बहुतेक वाकडेच, मग दोन्हीला एकेक केस कसं धरायचं?

निकेल टायटॅनियमची फाईल दोन कारणांनी तुटते. टोक अडकलं आणि मोटर फिरतच राहिली तर पिळून तुटते, त्याआधी कधीकधी फ्लूट्स म्हणजे फाईलवरचे पिळाचे खाचे उलगडलेले दिसतात. दुसरं कारण जास्त वाईट, वाकड्या कॅनलमध्ये फिरताना प्रत्येक फेरीला तीच जागा एकदा ताणली जाते एकदा दाबली जाते, ३०० आरपीएमला सेकंदाला पाच वेळा, तार वाकवून वाकवून तोडतो ना तसंच, आणि हे डोळ्याला दिसत नाही.

माझी पहिली अशीच गेली. छत्तीस नंबर म्हणजे खालची डावी पहिली दाढ, मेसिओबक्कल कॅनल (पुढच्या मुळातला गालाकडचा), फाईल तिसऱ्यांदा वापरत होते, लूप्स (भिंगाचा चष्मा) लावून बघितलेली, अगदी नव्यासारखी. बाहेर काढली तर टोकाचे तीन मिलिमीटर गायब! पेशंटला तिथेच सांगितलं, एक्सरे दाखवला, आणि नशीब की दहा नंबरच्या के फाईलने (हाताने फिरवायची बारीक फाईल) बाजूने वाट मिळाली.

तेव्हापासून मी डबीवर कॅनल लिहिते, केस नाही. जास्त वाकड्या किंवा कॅल्सिफाइड (कॅल्शियम साचून अरुंद झालेल्या) कॅनलमध्ये गेलेली फाईल त्याच दिवशी शार्प्सच्या म्हणजे टोकदार कचऱ्याच्या डब्यात, एकदाच वापरलेली असली तरी. आधी हँड फाईलने दहा-पंधरा नंबरपर्यंत रस्ता करायचा, मगच रोटरी, आणि आत एका जागी फिरवत थांबायचं नाही. गोल्ड, ब्लू वगैरे हीट ट्रीटेड फाईल्स वाकणं बरंच जास्त सहन करतात पण मऊ असतात, लवकर उलगडतात. सीएमवाल्या (कंट्रोल्ड मेमरी) उलगडल्या तर ऑटोक्लेव्हमध्ये परत आकारात येतात, जी येणार नाही ती फेक.

बाकी सिंगल यूज फक्त तुटण्यासाठी नाही हां, फ्लूट्समधला कचरा पूर्ण निघतच नाही, यूकेत २००७ मध्ये प्रायॉनच्या (मेंदूचा रोग पसरवणारं प्रोटीन) भीतीने सगळ्याच एंडो फाईल्स एकदाच वापरा असं सांगितलं होतं.

सरांनी वापरलेली फाईल हातात दिली तर एवढंच विचार की आधी कुठल्या कॅनलमध्ये गेली होती. आठवत नसेल तर नवीन पाकीट फोड.