सहा फुटांत लोहखनिजाचं सायडिंग

प्रश्न: गोव्यात सावर्ड्याला लहानपणी लोहखनिजाच्या वाघिणी भरताना बघायचो, तसंच मॉडेल रेल्वेचं लेआउट करायचंय. वास्कोच्या फ्लॅटमध्ये सहा बाय दोन फूट जागा आहे, एचओ स्केल (खऱ्या गाडीच्या १:८७). गोल ट्रॅक बसेल का, आणि लाल धूळ कशी दाखवू?

उत्तर: गोलाचा नाद सोडा हो, एचओचा साधारण १८ इंच रेडियसचा गोल म्हटला तरी तीन फुटांपेक्षा जास्त रुंदी लागते. आणि खाणीच्या सायडिंगवर, म्हणजे वाघिणी भरायच्या बाजूच्या रुळांवर, गाडी गोलगोल फिरते कुठे, तिथं सगळी मजा शंटिंगची, म्हणजे वाघिणी पुढेमागे करून लावण्याचीच. दोन पॉइंट (रूळ बदलायचे सांधे), तीन सायडिंग, एकात पाच वाघिणी, बाकी दोनांत तीन-तीन, असा इंगलनुक नावाचा शंटिंगच्या कोड्याचा प्लान करा. आठ वाघिणींतल्या पाच वाघिणी चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने लावायच्या, तासभर सहज जातो. बॉक्सएन (खनिज-कोळशाची उघडी) वाघीण १:८७ ला साडेबारा सेंटीमीटरच्या आतच भरते, म्हणून सहा फुटांत बसतं.

धुळीसाठी खरं खनिज अजिबात वापरू नका!! त्यात मॅग्नेटाइटचे कण असले तर ते इंजिनाच्या मोटरच्या चुंबकाला जाऊन चिकटतात आणि मग इंजिन कुरकुरायला लागतं. चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) भुगा जुन्या मलमलीतून चाळा, कागदावर पसरून वरून चुंबक फिरवा, काय चिकटलं ते फेकून द्या, उरलेला पाणी घातलेल्या फेविकॉलने बसवा, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाका नाहीतर गोळे होतात. लेआउटखालच्या प्लायला मात्र दोन्ही बाजूंनी रंग मारा, आपल्या पावसात एकाच बाजूने रंगवलेलं प्लाय पापडासारखं वाकतं.