न तुंबलेली सेप्टिक टाकी उघडून बघायची कशाला?

बारा वर्षांत टाकी एकदाही तुंबली नाही, तरी दर वर्षी तपासायला हवी का, असं तुम्ही विचारलंय. हवी. आमचे बाबाही तुमच्यासारखंच म्हणायचे. चिपळूणजवळच्या आमच्या घरी त्यांनी टाकीच्या झाकणावर अंगणाच्या फरश्या बसवून घेतल्या होत्या. ऐन गणपतीत, घरात चौदा माणसं असताना न्हाणीच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले. भर पावसात फरश्या फोडल्या, गाडी बोलावून टाकी उपसली. तीन आठवड्यांत पुन्हा तेच!

कारण बिघडला होता शोषखड्डा, म्हणजे टाकीतून आलेलं पाणी जमिनीत मुरवणारा खड्डा. टाकीत पाणी आउटलेटपर्यंत, म्हणजे बाहेर जायच्या नळीपर्यंत, कायमच असतं, त्यामुळे ‘भरली का’ हा प्रश्नच चुकीचा. बघायचा तो गाळ. मैला तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी खड्ड्यात जातं. गाळ वाढला की तोही पाण्याबरोबर निघतो आणि खड्ड्याभोवतीची माती बुजवतो. घरात वर्षानुवर्षं काही कळत नाही. टाकी उपसता येते, बुजलेली माती कशी उपसणार? आम्हाला नवा खड्डा खणावा लागला, तोही जांभ्यात.

आता दर मे महिन्यात मी लांब बांबूला जुन्या पंचाची पट्टी गुंडाळून टाकीत सोडतो. झाकण काढल्यावर अर्धा तास लांब राहायचं, जवळ विडी-काडी नाही, आत डोकावायचं तर मुळीच नाही. बांबू तळाला टेकवून दोन मिनिटं धरायचा. पट्टीला खालून जितका काळा चिकटा, तितका गाळ. पाण्याच्या खोलीच्या एक तृतीयांश झाला, म्हणजे पाच फुटांत वीस इंच, की गाडी बोलवायची. यंदा आठ इंच निघाला. आउटलेटचा टी, म्हणजे तिथे बसवलेला T आकाराचा नळीचा तुकडा, टॉर्चने लांबूनच बघा. आमचा गळून पडलेला होता. वायू बाहेर सोडणाऱ्या व्हेंट पाइपची जाळी फाटली असेल तर डासांचा कारखाना तिथेच.

साधारण दोन-तीन वर्षांनी उपसा लागतोच. वाई आणि सिन्नरमध्ये नगरपरिषदेनेच दर तीन वर्षांनी घरोघरच्या टाक्या पाळीने उपसायची योजना राबवली, तुंबायची वाट न बघता.

आणि गाडीवाला ‘माणूस उतरवतो, लवकर होईल’ म्हणाला तर त्याला तसाच परत पाठवा. आतला वायू क्षणात माणूस आडवा करतो, आणि संरक्षक साधनांशिवाय कुणाला उतरवणं २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे, उतरवून घेणाऱ्यालाही.