स्टिकरचा आकडा की पंपावरचा सल्ला?

प्रश्न : दीड लिटर टर्बो सेडान आहे. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर टायरमधल्या हवेचा दाब ३३ पीएसआय दिलाय, टायरच्या कडेवर ५१. पंपावरचा मुलगा म्हणतो, ‘समृद्धीवर जाताय ना, ३० ठेवा, टायर फुटणार नाही.’ कोणाचं ऐकू? (नाशिक)

उत्तर : स्टिकरचं. ५१ ही टायर सोसू शकेल ती कमाल मर्यादा. आणि पंपावरचा सल्ला चक्क उलटा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू दर फेऱ्याला जास्त दबते, त्यातून उष्णता होते. ताशी १२० ने तासभर हेच चाललं तर आतले थर सुटायला लागतात.

स्टिकरचा आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान ३ तास उभी असलेली किंवा फार तर दीड-दोन किलोमीटर चाललेली. तापमान १० अंशांनी वाढलं की दाब साधारण दीड पीएसआय चढतो. मे महिन्यातल्या दुपारी गेजवर ३७ दिसले म्हणून ४ सोडले, की दुसऱ्या दिवशी सकाळी उरतात जेमतेम २९. रस्त्यावर तापलेल्या टायरची हवा सोडू नये, एवढं पाळलंत तरी पुष्कळ. पंपावरची गेज आपटून आपटून चुकीचं दाखवतात. स्वतःचं एक डिकीत ठेवा. पाच माणसं नि सामान असेल तर स्टिकरवरचा दुसरा, वाढीव आकडा पाहा.

प्रश्न : कोइमतूरच्या करी या रेसिंग ट्रॅकवर गाडी न्यायची आहे. पुढची चाकं ओढणारी हॅचबॅक, टायर रस्त्याचेच. हवा किती? (पुणे)

उत्तर : इथे लक्ष गरम आकड्यावर. ट्रॅकवर पोचल्यावर, थंड टायरात स्टिकरपेक्षा २ कमी ठेवा. टायरच्या खांद्यावर, म्हणजे रस्त्याला टेकणारा भाग नि बाजू मिळतात तिथे, तीन ठिकाणी खडूची आडवी रेघ ओढा. चार-पाच लॅप मारून पिटमध्ये आलात की लगेच मोजा. रस्त्याच्या टायरला गरम असताना ३६ ते ३९ बहुधा मानवतात. खांद्यावरच्या छोट्या त्रिकोणाच्याही खाली खडू पुसला गेला असेल तर हवा कमी, त्रिकोणाच्या बऱ्याच वर शिल्लक असेल तर जास्त. बदल एकेका पीएसआयनेच करा. पुढचे टायर जमले, तरी वळणात नाक बाहेर पळतंय? मागे २ वाढवा, मागची पकड थोडी सुटते नि गाडी वळते. ओल्या ट्रॅकवर मात्र हा प्रयोग नको.

निघण्यापूर्वी टायर थंड होऊ द्या आणि पुन्हा स्टिकरवर आणा. विसरलात तर घरापर्यंतचा हायवे कमी हवेवर होईल. दाबाची सूचना चाकांच्या वेगावरून देणारी गाडी असेल तर ती यंत्रणा रीसेट करा. चारही टायर सारखेच उतरले असतील तर तिला पत्ता लागेलच असं नाही.

प्रश्न : नायट्रोजन भरावा का? (कोल्हापूर)

उत्तर : साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच आहे, आणि तापल्यावर तोही जवळपास तितकाच फुगतो. फायदा असलाच तर कोरडेपणाचा, म्हणजे त्यात ओलावा नसण्याचा. फुकट मिळाला तर घ्या. वाटेत हवा कमी वाटली तर साधी हवा त्यातच भरली तरी चालते.